न मोजलेल्या तासांची किंमत

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फुकट होणारे काम शोधूनही सापडायचे नाही. ट्रकमधले पोते खाली उतरले की हमाली लागते, काट्यावर चढले की तोलाई लागते, आणि माल विकला गेला की त्याचा हिशेब पट्टीवर येतो. हे आपोआप झालेले नाही. पन्नाशीच्या दशकात बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, तेव्हा हमालाच्या कामाचे मोल बरेचसे व्यापाऱ्याच्या मर्जीवर होते. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्यातून मंडळे आली, लेव्ही आली, भविष्यनिर्वाह निधी आला. १०० किलोंचे पोते ५० वर आणायलाही वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्याच आवारात रात्री गस्त घालणारा शिपाई आणि सकाळी गाळ्यातल्या चोरीचा पंचनामा करणारा फौजदार यांचे तास मात्र कुठल्याच पट्टीवर चढत नाहीत. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये पोलिसांच्या ओव्हरटाइमला कात्री लागली की त्याची बातमी होते, कारण किती कापले ते अंदाजपत्रकात दिसते. आपल्याकडे अशी बातमी होत नाही. पोलिस ठाण्यातल्या माणसाला तासाच्या हिशेबाने ओव्हरटाइम द्यायचा असतो, हेच इथे कधी मान्य झाले नाही, मग कापायचे काय? वरवर पाहता ही मोठी काटकसर वाटते. प्रत्यक्षात ती उधळपट्टी आहे. जो तास फुकट मिळतो तो कुणी जपून वापरत नाही, आणि पोलिस ठाण्यात या उधळपट्टीचा पहिला फटका गुन्ह्याच्या तपासाला बसतो.

हे नेहमीच असे नव्हते. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात दख्खनच्या गावांतली चोरी शोधायची रीत नोंदलेली आहे. गावचा राखणदार, म्हणजे रामोशी किंवा भिल्ल, चोराचा माग काढत शिवेपर्यंत जाई आणि तिथे तो माग पुढच्या गावच्या राखणदाराच्या हवाली करी. ज्या गावात माग विरला त्या गावावर चोरीची भरपाई येई. पद्धत निर्दोष नव्हती. माग मुद्दाम दुसऱ्याच्या शिवेत ढकलला जाई, आणि राखणदारच चोरांना सामील असल्याची ओरडही जुनीच. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट पक्की होती: तपास हे स्वतंत्र काम होते, त्यासाठी गाव बलुते किंवा जमीन देत होता, आणि ते न झाल्यास कुणाच्या तरी खिशाला चाट बसत होती. तपासाला किंमत होती आणि तपास न करण्यालाही.

इंग्रजी अमलात ही किंमत पगारात विरघळली. १८६१ च्या पोलिस कायद्याच्या २२ व्या कलमाने प्रत्येक पोलिस अधिकारी कायम कर्तव्यावर आहे असे मानले. मुंबई इलाख्याचा जिल्हा पोलिस कायदा १८९० चा, आणि स्वातंत्र्यानंतरचा मुंबई पोलिस कायदा १९५१ चा, ज्याला आता महाराष्ट्र पोलिस कायदा म्हणतात. त्याच्या २८ व्या कलमातही तेच आहे: रजेवर नसलेला आणि निलंबित नसलेला पोलिस सदैव कर्तव्यावर. या तरतुदीचा सरळ हेतू अधिकाराचा असावा. घरी जाणाऱ्या शिपायाने रस्त्यात दरोडा पाहिला तर त्याला अटकेचा अधिकार नाही असे कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी ती. प्रशासनाने मात्र अधिकाराची तरतूद कामाच्या तासांची तरतूद म्हणून वाचली आणि माणूस चोवीस तास हाताशी आहे असे धरून चालले. गंमत अशी की या कायद्याच्या तीनच वर्षे आधी, १९४८ मध्ये, याच देशाने कारखाने अधिनियम करून कामगाराचा आठवडा ४८ तासांचा ठरवला होता आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने मजुरी बंधनकारक केली होती. गिरणीतल्या माणसाचा तास महाग झाला. गिरणीच्या दाराशी उभ्या असलेल्या शिपायाचा तास फुकटच राहिला.

तपास हे वेगळ्या कौशल्याचे काम आहे हे इंग्रजांना कळत नव्हते असे नाही. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या १९०२-०३ च्या पोलिस आयोगाने प्रत्येक प्रांतात गुन्हे अन्वेषण विभाग काढण्याची शिफारस केली. त्यातून १९०५ साली आपल्याकडची सीआयडी जन्माला आली, आणि तिचे मुख्यालय आजही पुण्यात आहे. पण ही शाखा मोठ्या, गुंतागुंतीच्या, अनेक जिल्ह्यांत पसरलेल्या गुन्ह्यांसाठी होती. गल्ल्यातली रोकड, टेम्पोतला माल, गर्दीत खिशातून गेलेला मोबाइल हे ठाण्याकडेच राहिले. आणि ठाण्यात तपास करणारा माणूस आणि बंदोबस्ताला जाणारा माणूस एकच.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न प्रथम नीट मांडला तो धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय पोलिस आयोगाने. १९७७ च्या नोव्हेंबरात नेमलेल्या या आयोगाने राष्ट्रीय उत्पादकता परिषदेकडून कामाचा अभ्यास करून घेतला. कनिष्ठ पोलिस आठवड्याचे सातही दिवस रोज १० ते १६ तास काम करतात, असे त्यात दिसले. १९७९ ते १९८१ या काळात आयोगाने आठ अहवाल दिले आणि ते फडताळात गेले. पाठोपाठ १९८२ साली मुंबईत गिरण्यांचा संप चालू असतानाच पोलिस शिपायांचा असंतोष उसळला. १८ ऑगस्टला शहरात लष्कर आणि निमलष्करी दले उतरवावी लागली. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते. सरकारने पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना बडतर्फ केले आणि विषय संपवला. शिस्तीच्या दृष्टीने सरकारला दुसरा मार्ग नव्हता असे म्हणता येईल. सशस्त्र दलाने संपावर जावे हे कुठल्याही राज्याला परवडणारे नाही. पण संघटनेबरोबर तासांचा प्रश्न विचारणारा एकमेव आवाजही गेला. हमालांचा प्रश्न पुढे सरकला तो विचारणारे कुणी तरी सतत दारात उभे होते म्हणून. पोलिसांच्या बाबतीत त्यानंतर अधूनमधून एखादा अधिकारी, एखादा अहवाल, एखादे परिपत्रक, एवढेच.

अहवालांची वाण नाही. पोलिस संशोधन व विकास ब्यूरोसाठी हैदराबादच्या प्रशासकीय महाविद्यालयाने २०१४ मध्ये देशभरातल्या १२ हजारांहून अधिक ठाणे-कर्मचाऱ्यांना विचारून एक अभ्यास केला. जवळपास ९० टक्के जण रोज आठ तासांहून जास्त काम करत होते. ६८ टक्के ठाणेप्रमुखांच्या मते त्यांच्या माणसांचा दिवस ११ तासांचा किंवा जास्त होता, आणि २८ टक्क्यांच्या मते १४ तासांहून जास्त. जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. २०१९ च्या ‘स्टेटस ऑफ पोलिसिंग इन इंडिया’ अहवालात सरासरी कामाचा दिवस १४ तासांचा निघाला. म्हणजे १९७९ पासून २०१९ पर्यंत, चाळीस वर्षांत, आकडा जवळपास तिथेच. सुट्टी रद्द झाली तर तिच्यापोटी भत्ता देण्याची सोय महाराष्ट्रात आहे, पण तो भत्ता बुडालेल्या दिवसाचा. चौदाव्या तासाचा नव्हे.

आता हे तास जातात कुठे, ते पुण्यातच पाहावे. गणपतीचे दहा दिवस आणि २४ तासांच्याही पुढे लांबणारी विसर्जन मिरवणूक, आषाढी वारीच्या दोन पालख्यांचा मुक्काम, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे, क्रिकेटचे सामने, निवडणुका, नाकाबंदी. बंदोबस्ताची मागणी वरून येते, लेखी येते आणि ताबडतोब पुरी करावी लागते. ती पुरी झाली नाही तर दुसऱ्या दिवशी पेपरात येते. तपासाची मागणी खालून येते, एका फिर्यादीकडून, आणि ती चार दिवस लांबली तर कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. हजेरीच्या वेळी ठाण्यात माणसे कमी पडतात तेव्हा हात जातो तो तपास पथकाकडे, ज्याला ठाण्यात ‘डीबी’ म्हणतात. डीबीतल्या माणसाला मिरवणुकीत उभे करण्याचा खर्च शून्य. त्या दिवशी त्याच्या हातातून निसटलेल्या साक्षीदाराचा खर्च कुठे लिहिला जात नाही. ओव्हरटाइमचे पैसे मोजावे लागले असते तर अमुक दौऱ्याला खरोखर २०० माणसे लागतात की १२०, हा प्रश्न कुणी तरी लेखा शाखेतून विचारला असता. आज तो विचारायला कुणालाच कारण नाही.

मार्केट यार्डात ही गोष्ट अधिक टोकाला जाते, कारण इथला दिवस शहराच्या दिवसाशी जुळत नाही. भाजीपाल्याच्या गाड्या रात्री येऊ लागतात. जुन्नर, पुरंदर, नगर, सोलापूर, कर्नाटक, कुठून कुठून. फुलबाजार आणि भाजीचा विभाग उजाडायच्या आत गजबजतो, किरकोळ विक्रेते टेम्पो भरून निघतात, आणि दुपारी बाराच्या सुमारास त्याच गाळ्यांसमोर कोबीची पाने आणि रिकामी क्रेट उरतात. पहाटे चारला एखाद्या गाळ्यातून रोकड असलेली पिशवी गेली तर ती पाहू शकणारी माणसे कोण? शेजारच्या गाळ्यावरचा दिवाणजी, दोन हमाल, एक क्लीनर, माल घेऊन आलेला शेतकरी, चहावाला. यातले निम्मे दुपारपर्यंत शंभर किलोमीटर दूर गेलेले असतात. क्लीनरचे नाव कुणाला ठाऊक नसते, फार तर ट्रकचा नंबर. त्यांना गाठायचे तर त्याच पहाटे गाठावे लागते. ते हुकले तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा यायचे, कारण रोज येणारी माणसे रोज त्याच वेळी येतात. असा तपास सकाळी अकराला सुरू करून होत नाही. आदल्या रात्री नाकाबंदीला उभा असलेला हवालदार पहाटे चारला पुन्हा यार्डात यावा अशी अपेक्षा करता येते, सक्तीही करता येते. पण तो येऊन काय पाहील आणि काय विचारील याची सक्ती करता येत नाही. तपासात नेमका हाच भाग महत्त्वाचा असतो. दमलेला माणूस पंचनामा लिहू शकतो. साक्षीदार काय सांगायचे टाळतो आहे हे त्याच्या लक्षात येत नाही.

अशा गुन्ह्यांचा शेवट बहुतेक वेळा गुपचूप होतो. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, अशा प्रकरणात न्यायालयाला पाठवायच्या अहवालाला आपल्याकडे ‘अ समरी’ म्हणतात. ब समरी म्हणजे फिर्याद खोटी, क समरी म्हणजे खरीही नाही आणि खोटीही नाही. अ समरीत कुणाचीच बदनामी नाही. फिर्यादीचे खोटे ठरत नाही, पोलिसाचे चुकत नाही, कागद पूर्ण होतो. काही गुन्हे कितीही तास घातले तरी उलगडणार नाहीत, त्यांच्यासाठी ही सोय योग्यच आहे. पण ज्या गुन्ह्यात दहा तास मिळाले असते तर माणूस सापडला असता आणि ज्या गुन्ह्यात शंभर तासांनीही सापडला नसता, ते दोन्ही एकाच नावाखाली बंद होतात. बचत नेमकी किती महाग पडली हे कळायची एकमेव जागा तिथे पुसली जाते.

याला पहिला आक्षेप असा येतो की मोठे गुन्हे तर उघड होतातच. नोव्हेंबर २०२२ मध्ये मार्केट यार्डातल्या एका अंगडियाच्या कार्यालयात शिरून, गोळीबार करून सुमारे २८ लाखांची रोकड लुटली गेली, आणि त्या प्रकरणात अटक झाली. मग तासांची ओरड कशाला? पण अशा प्रकरणातच तासांचे महत्त्व सर्वांत स्वच्छ दिसते. गोळी झाडली गेली की वरिष्ठ जातीने लक्ष घालतात, गुन्हे शाखेची पथके बाहेर पडतात, रात्रंदिवस कॅमेरे तपासले जातात. तास मिळतात म्हणून गुन्हा उघड होतो. ते तास मात्र वरून आलेले नसतात, त्या आठवड्यात इतर फिर्यादींच्या वाट्याला आलेल्या तासांतूनच ते काढलेले असतात.

कॅमेऱ्यांमुळे माणसांची गरज कमी झाली, हा दुसरा समज. आवारातल्या १२ कॅमेऱ्यांचे पाच तासांचे चित्रण पाहायचे म्हटले तर ६० तास होतात. वेग वाढवून पाहिले तरी दोन दिवस एक माणूस खुर्चीला खिळतो. त्यात यार्डातल्या शेकडो सारख्या टेम्पोंतून एक ओळखायचा. तंत्राने तपासाचे काम वाढवले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने त्यात कायद्याची भर घातली. झडती-जप्तीचे चित्रीकरण, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांची घटनास्थळी भेट, ९० दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणे. हे सगळे चांगले आहे आणि प्रत्येकाला तास लागतात. अटकेनंतर २४ तासांत न्यायालयात हजर करणे, ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र, नाही तर आरोपीला जामीन, ही घड्याळे आधीपासून आहेतच. कायद्याने आरोपीचे तास मोजले, फिर्यादीचे दिवस मोजले. मधल्या माणसाचे तेवढे राहिले.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो अभ्यासकांकडून येतो. अमेरिकेतल्या रँड संस्थेने १९७५ मध्ये गुन्हे-तपासाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. उलगडलेल्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपीचा सुगावा फिर्यादीने किंवा साक्षीदाराने सुरुवातीलाच, घटनास्थळी पोहोचलेल्या पोलिसाला दिलेला असतो, डिटेक्टिव्हने नंतर घातलेल्या वेळातून फारसे काही निघत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मग जादा तास विकत घेऊन काय मिळणार? निष्कर्ष खरा धरला तरी त्यातून निघते ते वेगळेच. पहिल्या काही तासांवर सगळे अवलंबून असेल तर ते पहिले तास कुणाचे आणि कसे, हाच मुद्दा होतो. मार्केट यार्डात ते मध्यरात्री दोन ते सकाळी सहा या वेळात पडतात, म्हणजे नेमके जादा कामाच्या वेळेत. ब्रिटनचा अनुभवही याच बाजूने बोलतो. २०१० नंतरच्या काटकसरीत इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २० हजार पोलिस कमी झाले. २०१७ मध्ये तिथल्या पोलिस निरीक्षक मंडळाने डिटेक्टिव्हांच्या टंचाईला राष्ट्रीय संकट म्हटले. २०१५ मध्ये साधारण १५ टक्के गुन्ह्यांत आरोप दाखल होत होते, २०१९ पर्यंत ते प्रमाण जेमतेम आठवर आले. ही घसरण सगळी काटकसरीमुळेच झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. गुन्हे नोंदवण्याची पद्धत सुधारल्याने छेदही वाढला होता. पण एवढ्या मोठ्या घसरणीचा सगळा भार नोंदवहीवर टाकता येत नाही.

पैसे देण्याचेही धोके आहेत, आणि ते लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कमध्ये मोलेन आयोगाने १९९४ मध्ये दाखवून दिले की पाळी संपत आली की काही पोलिस मुद्दाम किरकोळ अटका करत, कारण त्यानंतरची कागदपत्रे आणि कोर्टाची फेरी ओव्हरटाइममध्ये धरली जाई. आपल्याकडे तासाला पैसे सुरू झाले तर हेच होणार नाही अशी हमी कोण देईल? कुणीच नाही. म्हणून पैसा अटकेला जोडू नये. तो तासाला जोडावा, आणि तो तास कुठल्या गुन्ह्यात गेला हे तपासता आले पाहिजे. फुकट श्रमाने प्रामाणिकपणा येतो असेही काही आपल्या अनुभवाला धरून नाही. सेना दिवसरात्र राबते, तिला ओव्हरटाइम कुठे आहे, हे म्हणणे ऐकू येते. पण सेनेला शांततेच्या काळात विश्रांतीची, प्रशिक्षणाची आणि पाळीने सुट्टीची व्यवस्था असते. पोलिस ठाण्याला शांततेचा काळ नसतो.

आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग हे उत्तर आहे का? दत्ता पडसलगीकर मुंबईचे आयुक्त असताना, एका शिपायाने मांडलेल्या आराखड्यावरून, मे २०१६ मध्ये देवनार ठाण्यात तीन पाळ्यांची पद्धत सुरू झाली आणि २०१७ च्या आरंभी ती शहरभर नेली गेली. २०२१-२२ मध्ये तत्कालीन महासंचालक संजय पांडे यांनी महिला पोलिसांसाठी आठ तासांचा आदेश काढला. आधी तो नागपूर शहर, अमरावती शहर आणि पुणे ग्रामीणमध्ये अजमावला होता. शिपायाच्या आयुष्याच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टींचे मोल मोठे आहे. पण तपासाला पाळी सोसत नाही. पहाऱ्यावरचा शिपाई दोन वाजता दुसऱ्याच्या हाती जागा देऊन जाऊ शकतो. अर्ध्यावर आलेली चौकशी, खबऱ्याशी जमलेला विश्वास, संशयिताच्या बोलण्यातली विसंगती हे असे हवाली करता येत नाही. तपासाला कधी सलग १६ तास लागणारच. ते मागावेत, मात्र मोजून, आणि त्याबदल्यात पैसे किंवा सलग सुट्टी देऊन. तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा, आणि सुरुवात दहा लाखांवरच्या शहरांपासून करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सांगितले. पुणे तेव्हाच त्या मर्यादेच्या कितीतरी वर होते. मात्र दोन शाखा वेगळ्या केल्या आणि तास फुकटच ठेवले, तर बंदोबस्ताच्या दिवशी ही भिंत टिकणार नाही. माणूस उसना घ्यायला खर्च येत नसेल तर तो उसना घेतला जाईलच.

यासाठी नवीन यंत्रणा उभारावी लागेल, तास मोजायचे कसे, अशी शेवटची अडचण सांगितली जाते. मोजमाप मात्र आधीपासून होते आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७२ व्या कलमाने आणि आता नव्या संहितेच्या १९२ व्या कलमाने तपास अधिकाऱ्याला रोजची केस डायरी लिहावी लागते. खबर किती वाजता मिळाली, तपास किती वाजता सुरू केला, किती वाजता थांबवला, कुठे कुठे गेला, हे सर्व त्यात नोंदवणे सक्तीचे आहे. मार्केट यार्डातल्या प्रत्येक नोंदलेल्या चोरीत फौजदाराचे किती तास गेले, ते त्या डायऱ्यांत लिहिलेले आहे. त्यांची बेरीज करून ती अ समरीच्या अहवालाशेजारी ठेवली, आणि त्याच आठवड्याचे बंदोबस्ताचे तास तिसऱ्या रकान्यात भरले, तर पोलिस आयुक्तालयाच्या लेखा शाखेला एका वर्षात कळेल की फुकट मिळणारे तास पुण्याने कशावर खर्च केले.